'पोलीस भरतीचा रेट फिक्स आहे' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर पोरं वॉर्मअप करत होती. शाहूवाडीकडचा एक पोरगा मात्र कट्ट्यावरून उठेना. बूटसुद्धा घातले नव्हते. मोबाईल पुढं करून म्हणाला, "सर, हे खरं असलं तर मी पळू कशाला?"

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. म्हणणं असं: शिपाई भरतीचा रेट दहा लाख. मैदान म्हणजे धावण्याची-गोळाफेकीची चाचणी दिखाव्याची, लेखी परीक्षा नावापुरती, शेवटी मुलाखतीत वशिला. मुलींना निम्मंच पळायला लावून मुलांच्या जागा देतात. गरिबाच्या पोरानं नाद सोडावा.

मी स्वतः ही भरती दोनदा दिली, दुसऱ्यांदा दोन गुणांनी राहिलो. आता या पोरांबरोबर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी मुलाखतीचं. शिपाई भरतीला मुलाखत नसतेच. 50 गुणांचं मैदान, 100 गुणांची लेखी, बेरीज 150. एवढंही ज्याला माहीत नाही, त्याच्या बाकीच्या माहितीवर किती विसंबायचं?

आता मैदान. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15, गोळ्याचे 15. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं की पूर्ण 20, त्यापुढं वेळेच्या टप्प्यानं गुण उतरत जातात. गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा. साडेआठ मीटरवर पडला की पूर्ण 15. यात साहेबाच्या मर्जीला जागा कुठं आहे? टेप आहे, घड्याळ आहे, अलीकडं बऱ्याच मैदानांवर पळणाऱ्याला वेळ मोजणारी चिपही लावतात. गुणांच्या याद्या सगळ्यांना बघायला मिळतात. शेवटून आलेल्याला अठरा गुण पडले, तर त्याच्या पुढं पळालेली पोरं गप्प बसतील?

शिवाय मैदानात निम्मे गुण मिळाले म्हणजे झालं असं नाही. प्रत्येक प्रवर्गात एका जागेमागं दहाजण लेखीला बोलावतात. तिथं गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि दीड तास. दीडशेतले शंभर गुण इथं आहेत, आणि आपली पोरं इथंच मार खातात. पायावर वर्ष घालवतात आणि शेकडेवारीला महिना.

लेखीत गैरप्रकार होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या भरतीत मास्कमध्ये यंत्र बसवून परीक्षेला आलेला उमेदवार सापडला होता. उमेदवाराच्या जागी दुसराच डमी बसवण्याचेही गुन्हे नोंद झाले आहेत. संताप येतो, यायलाच हवा. पण हे चोरून कॉपी करणं झालं, आणि ते पकडलं गेलं. यावरून सगळ्या भरतीचा रेट ठरलाय असं सिद्ध होत नाही.

मग "अमक्यानं पैसे दिले आणि लागला" हे कुठून येतं? हे मी आमच्याच नात्यात बघितलंय. एजंट दहा पोरांकडून पैसे घेतो आणि काहीही करत नाही. दहातली एक-दोन स्वतःच्या पायावर, स्वतःच्या अभ्यासावर लागतात. त्यांचे पैसे तो ठेवतो; उरलेल्यांना "यंदा वरून जमलं नाही" म्हणत थोडेथोडे परत करतो, नाहीतर फोनच उचलत नाही. लागलेल्या पोराच्या बापाला वाटतं, पैशानं काम झालं. तो चार घरी तेच सांगतो. आमच्या भावकीतल्या एकानं दोन म्हशी आणि उसाचं बिल असं घालवलं. पोरगं मेरिटवर लागलं होतं; यादीतले त्याचे गुण मी स्वतः बापाला दाखवले. तरी त्याला आजही खरं वाटत नाही. हा मेसेज म्हणजे त्या एजंटांची फुकटातली जाहिरात आहे. पुढं पाठवण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

मुलींबद्दल जे लिहिलंय, त्याचा मला जास्त राग आला. 30 टक्के जागा महिलांच्या आहेत आणि त्यासाठी मुलींची चुरस मुलींशीच असते. अंतर 800 मीटर आहे, पण पूर्ण 20 गुणांसाठी ते 2 मिनिटं 50 सेकंदांत मारावं लागतं. आमच्याकडची एक मुलगी पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून मग पळायला येते. चार किलोचा गोळा फेकून तिच्या बोटांना घट्टे पडलेत. तिला "फुकटचे मार्क" म्हणणाऱ्यानं एकदा पहाटे येऊन बघावं.

अपयशाचं खरं कारण आकड्यांत आहे. 2024 च्या भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. म्हणजे जागेला साधारण शंभर अर्ज. शंभरातले नव्याण्णव राहणारच, आणि चांगली, कष्टाळू पोरंही राहणार. घरी सांगायला त्यांना कारण लागतं, आणि हा मेसेज ते तयार देतो. भांडायचंच असेल तर जागा वाढाव्यात, भरती दरवर्षी वेळेवर निघावी, भर पावसात मैदान घेऊ नये यासाठी भांडू. मी पुढं असेन.

कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. ग्रुपवर टाकण्यापेक्षा तिथं फोन करा.

त्या पोराला मी यातलं निम्मंच सांगितलं. मग त्यानं बूट घातले. सोळाशेला 5 मिनिटं 26 सेकंद आले. अजून सोळा सेकंद कमी करायचेत.