‘कापसाले भाव द्या, मन आपोआप ठीक होते’

काकाजी, नमस्कार.

कास्तकारांच्या मनाच्या त्रासावर, समुपदेशनावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कापसाले भाव द्या, मन आपोआप ठीक होते. आमचे बापजादे पारावर बसून मोकळे होत, बोलायची फी कोणी मांगत नव्हतं. आन तुम्ही सांगता, रोज दहाले झोपा! लाइन राती येते, ओलित कोन करन?’

झोपेचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही मला बरोबर पकडलं. ते मी पंख्याखाली बसून लिहिलं होतं. हरभऱ्याचं ओलित किंवा रानडुकरांची जागल असताना ‘दहाला झोपा’ म्हणणं ही थट्टाच. निद्रानाशाच्या उपचारात उठायची वेळ ठरवण्यावर भर असतो, पण जागलीवाल्याला तेही कुठलं जमायला! धुऱ्याशेजारच्याशी पाळी लावता आली तर लावावी, एवढंच म्हणते. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टीवर. जागल नसतानाही पहाटे तीनला डोळा उघडतो, पुन्हा लागत नाही, जेवणावरची वासना जाते, वावरात जावंसं वाटत नाही. असं दोन आठवडे चाललं, तर तो नुसता थकवा नसतो, उदासीचा आजार (डिप्रेशन) असू शकतो.

भावाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, आणि फिटतं असं कोणी सांगितलं तर तिथून उठून या. माझ्याकडे एक कास्तकार आला होता (ओळख पटेल असं काही लिहीत नाही). बँकेचं पाकीट महिनाभर न फोडता त्यानं फडताळात ठेवलेलं. आम्ही कागद घेतला. या आठवड्यात हातात काय आहे, काय नाही, एवढंच मांडलं. पाकीट फोडायचं, सोबत मेहुण्याला न्यायचं, मॅनेजरला कोणता प्रश्न विचारायचा. कर्ज तेवढंच राहिलं. पण पुढच्या खेपेला तो सांगत होता, मी बँकेत बोललो.

आता पार. मलाही तो आवडतो. उदासीच्या एका उपचारात सांगतात की इच्छा व्हायची वाट पाहू नका, आधी छोटं काम करा, इच्छा मागून येते. पारावर जाणं, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणं, यातून तेच घडतं. पण जो खचतो, तो सगळ्यात आधी पारावर यायचं सोडतो. शिवाय सकाळी पारावर बोललेलं संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर पोचतं. घरात पोरीची सोयरीक चालू असेल तर कोण तोंड उघडेल? आणि काकाजी, बाईला पार होता कधी?

फीचं म्हणाल, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातच 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. मनाच्या त्रासात मदत मिळावी म्हणून गावपातळीवरच्या माणसांना शिकवून उभा केला होता. उदासीनं ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षात 27.2 झाले. 2022 पासून मनाच्या त्रासासाठी 14416 हा सरकारी फोन नंबरही आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. उदासीवर गोळ्या लागल्याच तर गुण यायला काही आठवडे जातात. आपल्याकडे बरेच जण आठव्या दिवशी बंद करून मोकळे होतात, ते मात्र चुकतं.

एक विचारायचं राहिलं. फवारणीचं औषध घरी कुठं ठेवता? श्रीलंकेनं 1995 च्या सुमारास सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. स्वतःच्या जिवावर उठायचा तो झटका बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो, त्या वेळात डबा हाताशी नसला की माणूस वाचू शकतो. औषधाला कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि पारावर यायचं कोणी सोडलं असेल, तर त्याच्या घरी चहाला जा. ‘जीव नकोसा झाला का गा?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, तिथूनच 14416 लावा, जमेल तसं दवाखान्यात न्या.

झोपेचा परिच्छेद या आठवड्यात बदलते. जागलीवाल्यानं दिवसा कधी आणि किती झोपावं, तुमच्याकडे लोक काय करतात, तेवढं लिहून पाठवा.