इंदुरात समुद्र कसा आणावा

कथा सुधारायची आहे ना? मग आधी खिडकी लावून घ्या. रामबागेत, राजेंद्रनगरात, जिथे कुठे राहत असाल तिथली. खिडकी उघडी राहिली की सकाळी कचरागाडीचं गाणं आत येतं, पाठोपाठ शेजारच्या वहिनी ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन धावतात, आणि बघता बघता कथेत इंदूर शिरतं. इंदूर शिरलं की कथा प्रादेशिक झाली म्हणून समजा. सदाशिव पेठ मात्र प्रादेशिक नसते. का, ते विचारू नये.

तेव्हा कथा कोकणात घडवा. समुद्र आपण पाहिलेला असतोच. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला मावसबहिणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा, दादरला, वीस मिनिटं. तेवढा पुरतो. लाटा फेसाळत्या लिहा, माड डोलते लिहा, पहिल्या परिच्छेदात एक गलबत सोडा. गलबत म्हणजे नक्की काय, हे वाचकालाही माहीत नसतं, निभावून जातं.

ऐतिहासिक लिहिणार असाल तर आणखी सोपं. अहिल्याबाईंना राजवाड्याच्या सातव्या मजल्यावर उभं करा आणि खालून नर्मदा वाहू द्या. कुणी शहाणा म्हणेल, त्यांचा कारभार महेश्वराहून चाले, नर्मदाही तिथेच आहे, आणि राजवाड्याजवळून जाते ती खान नदी. त्याला सांगा, इंदुरात नर्मदा नळाला येते, मग कादंबरीत यायला काय हरकत? राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, 1984 च्या दंगलीत तो जळाला तेव्हा आजोबा गच्चीवरून धूर बघत उभे होते आणि त्या रात्री जेवले नाहीत, असलं काही घालू नका. त्यात भव्यता नाही.

आता संवाद. इथे सगळ्यात जास्त मेहनत आहे. घरी आई ओरडते, "अरे दूध फाटलं, तू काय करून राहिलास तिकडे?" हे वाक्य कागदावर येता कामा नये. कथेतल्या आईने "बाळा, दूध नासलं रे" असंच म्हटलं पाहिजे, तेही पदराला हात पुसत. मी हे ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. त्यातली सासू "मी येऊन राहिले, तू हो पुढे" असं म्हणायची. कथा परत आली. त्या वाक्याखाली लाल रेघ आणि समासात एकच प्रश्न: 'ही मराठी कुठली?' मी सासूला पंधरा दिवस शुद्ध केलं. शेवटी ती आकाशवाणीच्या बातम्यांसारखी बोलायला लागली आणि कथा छापून आली. जिच्यावरून सासू घेतली होती त्या आत्याने ती चष्मा लावून वाचली. म्हणाली, "छान आहे रे. पण ही बाई कोण?"

यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलं, 1917, 1935 आणि 2001 साली. म्हणजे साहित्य आपल्याकडे पाहुणं म्हणून येतं, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खातं, 'वा, काय शहर आहे' म्हणतं आणि गाडी पकडतं. पाहुण्यांसमोर आपण घरच्यासारखं बोलतो का?

विशेषणं जोडीने वापरा. शेवट सुचेना तर सगळं स्वप्न होतं म्हणा. दुसरा खर्डा करू नका, पहिल्यातली चूक दिसते.

निरीक्षण टाळायचं कसं, ते मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे भलेभले फसतात. आमच्या कोपऱ्यावर पोह्यांचा ठेला आहे. उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर परात, पोह्यांत बडीशेप, वरून शेव आणि जीरावन मसाला. दर रविवारी तिथे दोन म्हातारे भाऊ येतात. जुन्या वाड्याच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं बंद. एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. धाकट्याला दात नाहीत. थोरला हिंदीत, जरा मोठ्याने, ठेलेवाल्याला बजावतो, "उनके में सेव मत डालना." मग दोघांचे पैसे देऊन निघून जातो. धाकटा बशी संपवतो आणि रिकाम्या रस्त्याला ऐकवतो, "कुणी सांगितलं होतं?"

अशा वेळी चटकन मान फिरवावी. यात घटना नाही, निसर्ग नाही, दोघं मराठी माणसं हिंदीतून भांडतायत. कथेत भाऊ आणायचेच असतील तर 'थोरला स्वाभिमानी होता, धाकटा हळवा होता' असं लिहावं आणि समुद्राकडे वळावं.

परवाच्या रविवारी मी वही घेऊनच ठेल्यावर गेलो होतो, वादळाचा प्रसंग अडला होता म्हणून. थोरला एकटाच आला. सवयीने म्हणाला, "उनके में सेव मत डालना." ठेलेवाल्याने दोन बशा भरल्या, एक शेवेची, एक बिनशेवेची, आणि मग हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिला. थोरल्याने दोन्ही बशांचे पैसे दिले. बिनशेवेची उचलली आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे तोंड करून खायला लागला.

मी मान खाली घातली आणि लिहिलं: 'समुद्राला उधाण आलं होतं.'