हे कुत्रं कोणाचं?

सप्टेंबरात लेकीच्या शाळेतून पत्र आलं. शाळेत आठवड्यातून तीन दिवस एक कुत्री येणार आहे. नाव डेझी, वय दोन वर्षं, जात लॅब्रॅडोर. तिसरीच्या बाईंच्या घरची. मुलांना वाचायला धीर यावा, सकाळी गेटपाशी रडणारी मुलं हसत आत यावीत, कोणाचं मन भरून आलं तर त्याला जवळ बसायला कोणी असावं, म्हणून. खाली दोन चौकोन होते: मुलीने डेझीजवळ जायला माझी संमती आहे, संमती नाही. मी दुसऱ्या चौकोनात खूण करून पत्र परत पाठवलं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहून अकरा वर्षं झाली, पण खूण करणारा हात कराडचाच होता.

मी आठ वर्षांची असताना शाळेतून येताना एक कुत्रं पोटरीला चावलं होतं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आई रोज सकाळी मला सरकारी दवाखान्यात न्यायची, आणि मी दाराशीच पाय रोवून उभी राहायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुत्रं कोणाचं?" ते दहा दिवस नजरेखाली ठेवता आलं असतं आणि धडधाकट राहिलं असतं, तर सुया अर्ध्यावर थांबल्या असत्या. पण ते कोणाचंच नव्हतं. गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं, सगळ्यांच्या उष्ट्यावर वाढलेलं, आणि कोणाचंच नाही. म्हणून चौदाच्या चौदा घ्यावी लागली. भारतात ती जुनी लस २००४ च्या सुमाराला बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शनं देतात. माझ्या पोटाला मात्र ती अजून आठवतात.

दोन दिवसांनी हेडटीचरांचा फोन आला. मला वाटलं, आता माझी समजूत घालतील. त्यांनी ती घातली नाही. म्हणाल्या, "तुमची हरकत नोंदवली आहे, ती पाळली जाईल. पण वेळ असेल तर एकदा येऊन आमची तयारी बघा." मी गेले. त्यांच्या टेबलावर एक जाडजूड फाइल होती. शाळेत कुत्रा आणणं म्हणजे प्रेमळ कुत्रा आणणं एवढंच मी समजून चालले होते. फाइलमध्ये प्रेमाचा उल्लेख फारसा नव्हता. लसींच्या तारखा, पशुवैद्याची तपासणी, विम्याचा कागद. केसांची अ‍ॅलर्जी असणारी मुलं, कुत्र्याला घाबरणारी मुलं, धर्माच्या कारणाने कुत्र्याला न शिवणारी घरं, अशा प्रत्येकाची नोंद आणि त्यांच्या वर्गापासून दूर जाणारा डेझीचा रस्ता. स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल तिला वर्ज्य. पट्टा कायम मोठ्या माणसाच्या हातात, आणि मुलांबरोबर ती एकटी एक मिनिटही नाही. हात लावल्यावर हात धुवायचे.

सगळ्यात मला थांबवलं ते शेवटच्या पानाने. ते पान डेझीच्या बाजूने लिहिलेलं होतं. ऑफिसच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण, आणि ती तिथे असताना कोणत्याही मुलाने तिला हाक मारायची नाही. तिने जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली, तर तिला पुरे झालं असं समजायचं. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं. कुत्र्याची जांभई ही झोपेचीच नसते, बऱ्याचदा अस्वस्थपणाची असते, हे मला वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी एका प्राथमिक शाळेत कळलं. मी कुत्र्यांच्या गावात वाढले होते, आणि कुत्र्याबद्दल मला एकच शब्द शिकवला गेला होता: हाड.

संमती मी महिनाभराने दिली. लेक दुसरीत आहे. घरी मराठीत अखंड बोलते, आणि वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की तिचा आवाज घशातच राहतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी दहा-दहा मिनिटं ती डेझीला गोष्ट वाचून दाखवते. डेझी चुका सुधारत नाही, पान उलटायची घाई करत नाही. बाई बाजूला गप्प बसून असतात. आवाज आता घशातून बाहेर आला आहे. तो कुत्रीमुळे आला, दहा मिनिटं मिळाल्यामुळे आला की वय वाढल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बुधवारी संध्याकाळी ती "परवा शुक्रवार ना?" असं विचारते. शाळेत जायच्या दिवसाची तिने वाट बघावी, हे आमच्या घरात नवीन आहे.

ही कल्पना काही आजची नाही. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या खोलीत एकदा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता, आणि एरवी कोणाशी न बोलणारा मुलगा त्याच्याशी रमला. त्यावर त्यांनी १९६२ मध्ये निबंध लिहिला, तेव्हा अनेकांना ते पोरकट वाटलं. २०२२ मध्ये इथल्या लिंकन विद्यापीठाने आठ ते दहा वर्षांच्या मुलांची लाळ तपासून ताणाच्या हार्मोनचं, कॉर्टिसॉलचं, प्रमाण मोजलं. काही मुलांना चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस वीस मिनिटं कुत्र्याबरोबर बसवलं. शाळेचं सत्र पुढे सरकलं तसा, ज्यांना असं काहीच मिळालं नव्हतं त्या मुलांचा ताण वाढला. कुत्र्याबरोबर बसलेल्या मुलांचा वाढला नाही. अभ्यास छोटा आहे, पण नीट केलेला आहे.

याच दिवसांत कराडच्या आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुत्र्यांचंच रण पेटलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाकायला सांगितली. मग अकरा दिवसांत, २२ ऑगस्टला, तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना जागच्या जागी सोडायला सांगितलं. फक्त पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. ७ नोव्हेंबरला देशभरासाठी नवा आदेश आला: शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथून भटकी कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका. ज्या सहामाहीत माझ्या लेकीच्या शाळेत कुत्रीचं अंथरूण घातलं गेलं, त्याच सहामाहीत माझ्या भाच्याच्या जिल्हा परिषद शाळेत कुत्र्यांना कुंपणाबाहेर कसं काढायचं यावर बैठक झाली.

ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, मुलांच्या जिवापेक्षा कुत्री मोठी झाली का? दुसरा म्हणे, मुक्या जिवाला कुठे नेऊन मारणार? मी डेझीचा फोटो टाकला आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. एक जण म्हणाला, "तुमच्याकडे कुत्र्यांचे लाड परवडतात." एकीने लिहिलं, "बघा, गोरे लोक कुत्र्यांना शाळेत घेतात आणि आपण हाकलतो." मला दोघांचंही पटत नाही, आणि का ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

डेझी शाळेत आली ती इंग्रजांना कुत्री आवडतात म्हणून नव्हे. आवडतात, यात शंका नाही. पण कुत्र्यांवरच्या प्रेमात आपण कुठे कमी आहोत? दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रं आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट आपण मुलांना पाळण्यात सांगतो. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. प्रेम आपल्याकडे भरपूर आहे. डेझीजवळ आणखी एक गोष्ट आहे. तिच्या कातडीखाली एक चिप आहे आणि त्या चिपच्या नंबरापुढे नोंदवहीत एका माणसाचं नाव. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याला ती सक्तीची आहे. बाहेर नेताना गळ्यात मालकाच्या नावपत्त्याचा बिल्ला हवा. डेझी कोणाला चावली तर पोलीस त्या बाईंच्या दारात जातील, आणि त्यांना "ती गल्लीची आहे" असं म्हणता येणार नाही.

आमच्या आबांचा खंड्या गल्लीचाच होता. आबा त्याला रोज संध्याकाळी दुधात कुस्करून भाकरी घालायचे. पावसाळ्यात तो आमच्या ओट्यावर झोपायचा. तीन वर्षांपूर्वी त्याने पलीकडच्या आळीतल्या एका पोराच्या हाताला चावा घेतला. पोराचे वडील आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला: "हे कुत्रं कोणाचं?" आबा ओट्यावर उभे होते, हातात ताटली होती. म्हणाले, "आमचं नाही." शेजारचे म्हणाले, आमचं नाही. त्याला लाडाने बिस्किटं घालणारी पोरंही आत गेली. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि खंड्याला घेऊन गेली. आबा ही गोष्ट स्वतःहून कधी काढत नाहीत. मला वहिनीने सांगितली.

मी आबांना दोष देत नाही. हो म्हणायचं तर दवाखान्याचा खर्च, भांडण, कदाचित पोलीस ठाणं. आणि हो म्हणायची सोय तरी कुठे आहे? नोंदवही नाही, बिल्ला नाही. माया करायला मुभा आहे, जबाबदारी घ्यायला जागा नाही. पण ती घेतल्याशिवाय भाच्याच्या शाळेच्या आवारातला प्रश्न सुटायचा नाही. कुंपण घातलं तर कुत्री कुंपणाबाहेर बसतील, आणि पोरांचा रस्ता तिथूनच जातो.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असंही मी म्हणत नाही. आजचे हे मोकळे रस्ते फार कठोर हातांनी मोकळे झालेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये भटक्या कुत्र्यांचा सुळसुळाट होता. उपाशी कुत्री बघवेनात म्हणून मेरी टिल्बी या बाईंनी १८६० मध्ये जो निवारा काढला, तोच पुढे लंडनच्याच बॅटरसी भागात गेला. पोलिसांनी कुत्री पकडली, मारली. १८९७ मध्ये सरकारने रेबीज रोखायला कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी बांधायची सक्ती केली, त्यावर लोक चिडले. मग रेबीज गेला, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर परत आला, आणि १९२२ मध्ये इथल्या कुत्र्यांमधून संपला. आजही बेवारस कुत्र्याला सात दिवसांत मालक मिळाला नाही, तर त्याला नवं घर शोधण्याबरोबरच मारण्याचीही कायद्याने मुभा आहे. आणि माझ्या रस्त्यावरची निम्मी कुत्री दिवसभर बंद घरात खिडकीला नाक लावून बसलेली असतात. खंड्याने असा दिवस कधी काढला नाही.

कराडकरांना बघायचंच असेल तर लीड्सकडे बघू नये, गोव्याकडे बघावं. ल्यूक गॅम्बल या ब्रिटिश पशुवैद्याने २०१३ मध्ये सुरू केलेली मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून तिथली रस्त्यावरची कुत्री हातजाळ्यांनी धरली, जागेवर लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली, फोनवर नोंद केली आणि तिथेच सोडली. लोकवस्तीतल्या सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. जोडीला शाळाशाळांतून मुलांना धडे दिले. जून २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. तिथली कुत्री कुठे गेली नाहीत. ती किनाऱ्यावर, बाजारात, देवळासमोर होती तशीच आहेत. फक्त त्यांची नोंद कोणीतरी ठेवली.

७ नोव्हेंबरच्या आदेशातही असं काही आहे, ज्यावर आमच्या ग्रुपवर कोणी एक ओळ लिहिली नाही. शाळांनी मुलांना प्राण्यांजवळ कसं वागायचं आणि चावल्यास पहिला उपचार काय, हे शिकवावं. दवाखान्यांनी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, साठ्यात ठेवावं. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक नोंदी झाल्या. त्या आकड्यापुढे एक साबणाची वडी, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुणं आणि त्याच दिवशी लस, हे भाच्याच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवं. पाढ्यांइतकं पाठ.

इथल्या शाळांबद्दलही एक खंत आहे, ती लपवून ठेवणं बरं नाही. शिक्षणतज्ज्ञ अँथनी सेल्डन यांनी २०१९ मध्ये प्रत्येक शाळेत एक तरी कुत्रा असावा असं म्हटलं होतं. माझी ना नाही. पण २०२३ च्या सरकारी पाहणीत आठ ते सोळा वयाच्या पाचातल्या एका मुलाला मानसिक आजार असण्याची शक्यता दिसली, आणि समुपदेशकाकडे नंबर लागायला इथे कित्येकांना महिनोन् महिने थांबावं लागतं. डेझीने त्या रांगेची जागा घ्यावी, असं कोणाच्या मनात येत असेल तर ते डेझीवरही अन्यायाचं आहे. तिचे तीन दिवस आहेत आणि तिला जांभया येतात.

डिसेंबरात आम्ही कराडला गेलो. संध्याकाळी लेक आणि भाचा दुकानाकडे निघाले, आणि कोपऱ्यावर दोन कुत्री भुंकत अंगावर आली. भाच्याने "हाड!" म्हणत खाली वाकून दगड उचलला. लेक जागच्या जागी उभी राहिली. हात छातीशी, नजर पायांकडे. शाळेत त्यांना असंच शिकवलंय, झाड व्हायचं. मी ओट्यावरून धावले, पोटात ती जुनी कळ घेऊन. पोचेपर्यंत कुत्र्यांनी हुंगून तोंड फिरवलं होतं. भाच्याच्या हातातला दगड तसाच होता. तो रात्री जेवताना तिला म्हणाला, "मला दाखव ना ते झाड."

आबा हे सगळं बघत होते. जानेवारीत त्यांचा फोन आला. गल्लीतल्या दोन कुत्र्यांना त्यांनी आणि शेजारच्या काकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून आणली. गळ्यात वहिनीने निळ्या सुतळीचे पट्टे बांधले. पुढच्या वर्षीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मावेना, म्हणून डायरीत लिहिली, आणि शेजारी स्वतःचं नाव. तिसरी कुत्री लंगडी आहे, माणसाला जवळ येऊ देत नाही. ती अजून हाती लागलेली नाही.