माझं डावं कोपर आणि दहावा भाग

माझ्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक हिरवट-निळा डाग आहे. परवा रात्रीचा. ऑफिसात कोणी विचारलं तर मी सांगतो, गाडीच्या भानगडीत लागलं. खोटं नाही. गाडी पडद्यावर होती, एवढंच.

'फास्ट अँड फ्युरिअस' मालिकेचा दहावा भाग, 'फास्ट एक्स', बघायला आम्ही दोघं गेलो होतो. का गेलो, हे विचारू नका. ते घरी विचारून झालंय. पहिला भाग मी २००१ साली पाहिला होता. त्यात ही मंडळी रात्री रस्त्यावर शर्यती लावायची आणि ट्रकमधून डीव्हीडी प्लेअर चोरायची. मधले भाग मी टीव्हीवर जाहिरातींच्या फटीतून पाहिले. डीव्हीडी प्लेअर काळाच्या ओघात गेले, पण चोर टिकले आणि बावीस वर्षांत जग वाचवायला लागले, एवढा अंदाज मला होता. तेवढ्या भांडवलावर तिकीट काढलं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसला होता.

वय माझ्याएवढं, कदाचित वर्षभर जास्तच. केस मात्र दाट. दिवे मालवले तसा तो पाठ ताठ करून बसला, खुर्ची पुढे सरकते का ते बघितलं (नाही सरकली), आणि आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीच्या हातावर त्याने आपला उजवा हात रोवला. तिथे माझं कोपर आधीपासून होतं. ते त्याने काढलं नाही. मुठीत घेतलं.

हा प्रकार समजायला मला पहिला पाठलाग लागला. सिनेमातल्या बहुतेक गाड्या अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे सुकाणू डावीकडे आणि गिअर चालकाच्या उजव्या हाताला. त्याच्या उजव्या हाताला मी. सिनेमाचा नायक डॉमिनिक टोरेटोने गिअर टाकला की इकडे माझं कोपर पुढे जायचं. टोरेटोने अॅक्सिलरेटर दाबला की याचा उजवा बूट माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर. क्लचचा पाय पलीकडच्या माणसाच्या वाट्याला आला असणार. मध्यंतरानंतर ती खुर्ची रिकामीच होती.

मी मोजायला लागलो. अपमान सहन करायचा झाला तर मोजण्यासारखा उपाय नाही. चांगल्या गाडीला पुढे जायचे सहा गिअर असतात, फार तर सात. रोमच्या त्या एका पाठलागात याने सतरा वेळा गिअर वर टाकला. खाली एकदाही आणला नाही. रोममध्ये घराएवढा गोल बॉम्ब रस्त्यावरून घरंगळत व्हॅटिकनच्या दिशेने निघालेला असतो, टोरेटो आपली गाडी एका क्रेनवर आदळतो आणि क्रेनच्या तडाख्याने बॉम्ब नदीत जातो. व्हॅटिकन वाचलं. माझा अंगठा नाही वाचला.

"काका," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "पाचवा पाहिलाय ना?"

काका! माझ्याच वयाचा घोडा मला काका म्हणत होता. एवढ्या अंधारात माझं टक्कल त्याला दिसलं असावं. वास्तविक टकलाला जिथे खरा मान आहे असं हे एकच विश्व. विन डिझेल, ड्वेन जॉन्सन, जेसन स्टेथम, टायरीस गिब्सन. सगळी डोकी गुळगुळीत, आणि ज्याचं डोकं जास्त चकचकीत त्याची गाडी जास्त वेगात. तिकीट काढताना माझ्या मनात, खरं सांगतो, एक छुपी आपुलकी होती. आणि इथे हा केसाळ मनुष्य स्टिअरिंगवर आणि मी गिअरमध्ये.

"थोडा पाहिलाय," मी म्हणालो.

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे मधून."

त्याने सुस्कारा सोडला आणि माझं कोपर न्यूट्रलमध्ये आणलं. "मग तुम्हाला काय कळणार? हा यातला खलनायक, दांते, कोणाचा मुलगा?"

"कोणाचा?"

"पाचव्यातल्या खलनायकाचा, रेयेसचा! रिओ! पोलीस ठाण्यातली अख्खी तिजोरी दोन गाड्यांना बांधून ओढत नेली नाही का? त्या पुलावर रेयेस गेला. त्याचा हा मुलगा. तो तेव्हा तिथेच होता."

"पण पाचव्या भागात तो दिसला कुठे?"

"तेव्हा दाखवला नव्हता. पण होता."

पाचवा भाग २०११ चा. बारा वर्षांनी कळतं की तिजोरीच्या त्या पाठलागात दांते झालेल्या जेसन मोमोआएवढा आडदांड माणूस हजर होता आणि कोणाच्या नजरेस पडला नव्हता. नवव्या भागात असाच टोरेटोचा सख्खा भाऊ उगवला, जॉन सीनाएवढा. आठ भाग हा माणूस कुटुंब, कुटुंब करत फिरतोय आणि त्याच्या तोंडून सख्ख्या भावाचं नाव एकदा निघालं नाही! आमच्या आजोबांच्या पिढीत कुटुंब म्हणजे बायको. त्या अर्थाने आमचं कुटुंब रोम सोडल्यापासून माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलं होतं. त्यामुळे मला उजवीकडे सरकायची सोय नव्हती आणि डावीकडे गिअरबॉक्स.

मी एक चूक केली. त्याच्याशी वाद घातला. म्हटलं, सहाव्या भागात ते विमान धावपट्टीवर उडण्याच्या बेतात जवळजवळ तेरा मिनिटं धावत राहतं. ताशी दोनशे किलोमीटर धरा. तेरा मिनिटांत त्रेचाळीस किलोमीटर झाले. जगातल्या लांबात लांब धावपट्ट्या पाच-साडेपाच किलोमीटरच्या आसपास संपतात. मग हे विमान कुठे धावत होतं?

पहिल्यांदाच त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गाडी चालवताना रस्त्यावरची नजर काढायला लावल्याचा राग त्यात होता.

"काका, तुम्ही सिनेमा बघायला आलात की मोजायला?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हे हसू मला अजून झोपताना आठवतं. कारण उत्तर माझ्याकडे होतं, पण ते गाडी लावलेल्या जागेपर्यंत पोचल्यावर सुचलं, आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

खरा घात नायट्रोने केला. नायट्रो म्हणजे नायट्रस ऑक्साइड. इंजिनाच्या उष्णतेत तो फुटतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो, त्यावर जास्त इंधन जळतं आणि गाडी उसळते. दात काढताना दंतवैद्य हुंगवतात तो हास्यवायूही हाच. इथे इंजिनाला देतात आणि हसायची वेळ आपल्यावर येते. तर नायट्रोचं बटण याने कुठे मानलं असेल? माझ्या मनगटावरचं घड्याळ. जरा काही निकराचं आलं की त्याचा अंगठा घड्याळाच्या काचेवर.

सिनेमा शेवटाकडे आला. टोरेटोचा तो भाऊ, नवव्या भागातला खलनायक आणि या भागात पुतण्याचा लाडका काका, स्फोटकांनी भरलेली गाडी घेऊन शत्रूच्या ताफ्यावर जातो. भावाला वाट करून देण्यासाठी मरतो. तेवढ्यात याने माझं घड्याळ दाबलं, पूर्ण वजन टाकून.

"अहो, पुरे आता!" मी ओरडलो.

प्रेक्षागृहात त्या क्षणी संगीतसुद्धा थांबलेलं होतं. पुढच्या दोन रांगा वळल्या. मागून तीन-चार दिशांनी "शूऽऽ!" आलं, आणि एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "तिथे माणूस मेलाय आणि यांना घाई." सव्वादोन तास ज्याचं कोपर गिअर झालं होतं तो मी. आणि असंस्कृत प्रेक्षक म्हणून नोंद झाली तीही माझीच. शेजाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. समजूत घालावी तसा.

"वाईट नका वाटून घेऊ, काका. मेला नाहीये. यात कोणी मरत नाही."

हे मात्र त्याचं खरं होतं. टोरेटोची बायको लेटी चौथ्यात मेली, सहाव्यात परत. त्याच्या टोळीतला हान तिसऱ्यात मेला, नवव्यात परत, शिवाय चौथ्या-पाचव्या-सहाव्यातही जिवंत, कारण तिसरा भाग सहाव्यानंतर घडतो. (हे मला त्याने बोटांवर समजावलं. बोटं माझी.) हानला मारणारा शॉ पुढे यांच्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. आज ज्याने तुमच्या जिवावर घाला घातला तो दोन भागांनी घरचा होतो.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. सिनेमाच्या सुरुवातीला तिजोरीचा तो जुना पाठलाग पुन्हा दाखवतात आणि त्यात मालिकेचा दुसरा नायक पॉल वॉकर दिसतो. वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ ला गेला, मोटारीच्याच अपघातात. सातवा भाग त्याच्या दोन भावांना त्याच्या जागी उभं करून पुरा केला. कथेत त्याचं पात्र मेलेलं नाही. ते कुठेतरी घरी मुलांना सांभाळतंय, फक्त पडद्यावर येत नाही. तो चेहरा दिसला तेव्हा माझ्या अंगठ्यावरचा बूट उचलला गेला. संपूर्ण सिनेमात तेवढा एकदाच. शेजारी हलला नाही, गिअर टाकला नाही, नुसता बघत राहिला. मीही कोपर काढून घेतलं नाही. तेव्हाच काढायला हवं होतं.

आणि शेवट? शेवट नाहीच. चित्रीकरण सुरू झाल्यावर दिग्दर्शक जस्टिन लिन चालत्या गाडीतून उतरला आणि लुई लेटेरिए सुकाणू धरायला चढला, हे एक वेळ समजू शकतो. पण दोन तास एकवीस मिनिटं बसवून घेतल्यावर टोरेटो मुलाला घेऊन धरणाच्या उभ्या भिंतीवरून गाडी खाली उतरवतो, वर दांते धरण उडवायचं बटण दाबतो, आणि गोष्ट तिथेच टांगलेली. उरलेलं पुढच्या भागात. मी पूर्ण तिकीट काढलं होतं, अर्धं नव्हे. न्हाव्याने एका बाजूचे केस कापून दुसरी बाजू पुढच्या वर्षी म्हटलं तर आपण उठून जाऊ का? माझ्या बाबतीत उदाहरण चुकलं, पण मुद्दा तोच.

मी उठलो. त्याने मला खाली ओढलं. कोपराने, अर्थात. "बसा, अजून आहे." नामावलीच्या मधे ड्वेन जॉन्सन उगवला. प्रेक्षागृहात शिट्ट्या झाल्या आणि त्या आवाजाने आमच्या कुटुंबाला जाग आली.

"तो टकलू मेला का?" तिने विचारलं.

"कोणता?"

माझ्या अंगावरून वाकून शेजाऱ्याने अदबीने उत्तर दिलं. "कोणीच नाही, ताई. अजून एक भाग आहे."

मला काका आणि हिला ताई! ती प्रसन्न हसली. दिवे लागल्यावर त्याच्याशी तीन-चार मिनिटं बोललीसुद्धा, हानचं सगळं नीट समजून घेतलं. मी अंगठा बुटात परत बसवत होतो. निघताना त्याने हात पुढे केला आणि मी सवयीने डावं कोपर दिलं.

"अकराव्याला भेटू, काका," तो म्हणाला.

"नक्की," ही म्हणाली.