‘ची’ला ‘ऑफ’, ‘ला’ला ‘टू’: ही युक्ती वहीतून खोडून टाका

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. इंग्रजी विशेषणापुढे कोणतं प्रिपोझिशन येईल ते ओळखायचं असेल, तर आधी मराठी वाक्य करा, असं तो सांगतो. ‘चा-ची-चे’ आलं की ‘ऑफ’, ‘ला’ आलं की ‘टू’, ‘शी’ला ‘विथ’, ‘वर’ला ‘ऑन’, ‘त’ला ‘इन’. प्रत्येक विशेषणाचं प्रिपोझिशन एकच. न बसणारे अपवाद पाठ करा. ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ सोडून दुसरं काही लिहिलं की चूक. आणि ‘टू’ दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप. मी इंग्रजी शिकवते. हुशार, कष्टाळू मुलं याच मजकुरामुळे सोप्या प्रश्नांचे गुण घालवताना दिसतात, म्हणून एकेक दावा तपासते.

पहिला दावा प्रत्ययांचा. ‘तिचं लग्न डॉक्टरशी झालंय’ याला युक्तीप्रमाणे ‘मॅरीड विथ’ यायला हवं; इंग्रजीत म्हणतात ‘मॅरीड टू’. ‘तो माझ्यावर रागावलाय’ याचं ‘अँग्री ऑन मी’ होत नाही, ‘अँग्री विथ मी’ किंवा ‘अँग्री अ‍ॅट मी’ होतं. ‘ती गणितात हुशार आहे’ म्हणजे ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’. ‘तो कुत्र्यांना घाबरतो’ म्हणजे ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. ही काही शोधून काढलेली उदाहरणं नाहीत, रोजच्या बोलण्यातली आहेत. ‘मुलाचा अभिमान’ आणि ‘प्राउड ऑफ’ अशी एखादी जोडी जुळते आणि तेवढ्यावर मुलांचा विश्वास बसतो.

याच परीक्षांच्या अभ्यासक्रमातलं उदाहरण घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद 75(3) नुसार मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. तिथे इंग्रजीत ‘रिस्पॉन्सिबल टू’ आहे. आता ‘या अपघाताला चालक जबाबदार आहे’ हे वाक्य घ्या. मराठीत पुन्हा ‘ला’च, पण इंग्रजीत ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. ज्याला जाब द्यायचा त्याच्यासाठी ‘टू’, ज्या गोष्टीबद्दल जाब द्यायचा तिच्यासाठी ‘फॉर’. मराठीतला एक ‘ला’ ही दोन्ही कामं करतो, त्यामुळे ‘ला’कडे कितीही बघितलं तरी उत्तर मिळणार नाही. नातं कोणतं आहे, हेच विचारावं लागतं.

‘एका विशेषणाला एकच प्रिपोझिशन’ हा दुसरा दावा इथेच कोसळतो. तरी ‘गुड’चं सांगते, कारण ते सगळ्यांच्या तोंडी असतं. बुद्धिबळात तरबेज असेल तर ‘गुड अ‍ॅट चेस’, आरोग्याला चांगलं असेल तर ‘गुड फॉर हेल्थ’, माझ्याशी चांगुलपणाने वागली असेल तर ‘गुड टू मी’, मुलांना छान सांभाळत असेल तर ‘गुड विथ चिल्ड्रन’. ‘फॅमिलियर’ तर वाक्याची बाजूच पालटतं. मला रस्ता माहीत असेल तर मी रस्त्याशी ‘फॅमिलियर विथ’, आणि तोच रस्ता माझ्या दृष्टीने ‘फॅमिलियर टू मी’. जाणणारा कर्ता असला की ‘विथ’, जाणलेली वस्तू कर्ता असली की ‘टू’.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो: यात तर्क नाही, अपवाद घोका. घोकलेली यादी परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाही. प्रत्यक्षात ही विशेषणं अर्थानुसार गट करून राहतात. कौशल्य असणं-नसणं सांगणारी ‘गुड, बॅड, ब्रिलियंट, होपलेस’ ही ‘अ‍ॅट’ घेतात. मनातली भावना किंवा जाणीव दाखवणारी ‘अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, जेलस, अवेअर’ ही ‘ऑफ’ घेतात. दूर असणं, सुटणं दाखवणारी ‘अ‍ॅब्सेंट, सेफ, फार’ ‘फ्रॉम’कडे जातात, तर सारखेपणा आणि जवळीक दाखवणारी ‘सिमिलर, इक्वल, क्लोज’ ‘टू’कडे. ‘मॅरीड टू’ आणि ‘रिलेटेड टू’ याच शेजारातले. 1998 साली कोबिल्ड या इंग्रजी शब्दकोश प्रकल्पाने नामं आणि विशेषणांच्या रचनांवर एक जाड ग्रंथच काढला. प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या प्रचंड संग्रहातून विशेषणं गोळा करून त्यांची रचना आणि अर्थ यांनुसार तिथे मांडणी केली आहे. गटांच्या सीमा काही ठिकाणी सैल आहेत, हेही खरं: आवड सांगणारं ‘फॉन्ड’ ‘ऑफ’ घेतं, पण ‘कीन’ ‘ऑन’ घेतं. सैल सीमा असलेले गटसुद्धा सुट्या दोनशे जोड्यांपेक्षा कितीतरी लवकर आपलेसे होतात.

‘सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर’ यांना तो मजकूर ‘विचित्र अपवाद’ म्हणतो. तेही विचित्र नाहीत. हे शब्द मूळ लॅटिनमधली तरतमभावाची रूपं आहेत. ‘अधिक वयाचा’, ‘अधिक वरचा’ हा भाव त्यांच्या पोटातच आहे. म्हणून त्यांच्याआधी तुलनेचं ‘मोअर’ लावायचं नसतं आणि पुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येतो. एवढं एकदा सांगितलं की मुलं ‘मोअर सुपीरियर दॅन’ लिहायचं थांबतात.

‘डिफरंट फ्रॉम’च बरोबर, हा चौथा दावा. इंग्रजी वापराचे प्रसिद्ध मार्गदर्शक हेन्री फाउलर यांनी 1926 सालीच ‘डिफरंट’पुढे ‘टू’ चालत नाही ही समजूत अंधश्रद्धा ठरवली होती. ब्रिटिश बोलण्यात ‘डिफरंट टू’ सर्रास ऐकू येतं, अमेरिकेत ‘डिफरंट दॅन’, विशेषतः पुढे अख्खं उपवाक्य असेल तेव्हा. परीक्षेत ‘फ्रॉम’ लिहा, कारण ते सगळीकडे मान्य आहे. पण बाकीची दोन रूपं वापरणाऱ्याला अडाणी ठरवू नका.

‘टू’पुढे मूळ रूप, हे अर्धसत्य आहे. ‘एबल टू वर्क’मधला ‘टू’ क्रियापदाचा आहे, तिथे ते बरोबर. ‘अकस्टम्ड टू’मधला ‘टू’ मात्र प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘अकस्टम्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’. ओळखायची सोपी रीत म्हणजे तिथे एखादं नाम ठेवून बघा. ‘अकस्टम्ड टू नॉइज’ चालतं, ‘एबल टू नॉइज’ चालत नाही.

आणि ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही, ती गोष्ट जागेची. आपण ‘मुलाचा अभिमान असलेली आई’ असं सगळं नामाच्या आधी रचतो. त्या सवयीने मुलं ‘अ प्राउड मदर ऑफ हर सन’ लिहितात. इंग्रजीत विशेषणाला असं शेपूट जोडलं की सहसा पूर्ण जोडी नामाच्या मागे जाते: ‘अ मदर प्राउड ऑफ हर सन’. जोडी फोडून विशेषण नामाच्या आधी आणि शेपूट नंतर, ही सवलत मुख्यतः तुलनेच्या विशेषणांना आहे. ‘अ सिमिलर हाउस टू आवर्स’ चालतं, ‘अ डिफरंट बुक फ्रॉम माइन’ चालतं. ‘अ जेलस मॅन ऑफ हिज ब्रदर’ चालत नाही. तिथे ‘अ मॅन जेलस ऑफ हिज ब्रदर’ असंच लिहावं लागतं.