हात दाखवून सुलक्षण

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन तुम्हाला जाग येते का? हात झटकला की जरा बरं वाटतं का? मग काहीही करा, पण डॉक्टरकडे जाऊ नका. डॉक्टर फार रूक्ष असतात. ते मनगट दुमडायला लावतील, करंगळीलाही मुंग्या येतात का म्हणून विचारतील, आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात की लगेच ‘कार्पल टनेल’ असं काहीतरी कागदावर खरडतील. मनगटापाशी हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोळ असतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. आतली सूज वाढली की सणासुदीला नाशिकच्या भद्रकालीत दोन रिक्षांच्या मध्ये सापडलेल्या सायकलवाल्याचं जे होतं, ते नसेचं होतं. यात ना मागचा जन्म, ना जावेची नजर. वर थायरॉइड आणि साखर तपासायला सांगतात, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगतात. तो पट्टा कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. इतक्या सहज मिळणाऱ्या वस्तूत कसली आली शक्ती?

तुम्ही हीलर गाठा, म्हणजे हातातून ऊर्जा सोडून दुखणं बरं करतो म्हणणारा माणूस. नाशिकात काय, ऊर्जेला तोटा नाही. गोदावरी आहे, वर त्र्यंबक आहे, बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, रेकीची ‘सेकंड डिग्री’ झालेल्या एक तरी काकू निघतील. रेकीचे जनक मिकाओ उसुई १९२२ साली जपानातल्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून बसले, तेव्हा त्यांना हे ज्ञान झालं असं सांगतात. आपल्याकडे तेच शनिवार-रविवारच्या शिबिरात होतं. उपास नाही, मधल्या सुटीत मिसळ असते.

गेल्यावर दुखणारा हात पुढे करा आणि गप्प पडून राहा. काकू मनगटाच्या वर चार बोटं अंतर राखून हात फिरवतील. रेकीऐवजी ‘प्राणिक हीलिंग’ या पंथाच्या असतील तर दूषित ऊर्जा झटकायला शेजारी मिठाच्या पाण्याचं भांडं ठेवतील. ते पाणी नंतर संडासात ओततात. पुढे ते गोदावरीला मिळतं का, हा प्रश्न महापालिकेचा. मग तुम्हाला विचारतील, ‘आयुष्यात काय घट्ट धरून ठेवलंय?’ इथे मोबाइल असं उत्तर देऊ नका. वडील म्हणा, आधीचं प्रेम म्हणा.

हा प्रश्न निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत कोणी विचारत नाही, हे मात्र खरं. ऑक्टोबर छाटणीला दिवसभर कात्री दाबून बाईचं मनगट अंगठ्याच्या बाजूने सुजतं, बोट वाकलं की अडकून बसतं, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावं लागतं. काम उक्तं, एकराच्या भावाने घेतलेलं, त्यामुळे थांबायची सोय नाही. तिची चक्रं बहुतेक जन्मतःच संतुलित असावीत. फी परवडणाऱ्यांचीच तेवढी बिघडतात.

एक पथ्य कडक पाळा. सेशनला नऊ-दहा वर्षांचं मूल नेऊ नका. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या मुलीने नवव्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी घोटाळा करून ठेवला. तिथे ‘थेरप्युटिक टच’ नावाची विद्या आहे. नावात स्पर्श असला तरी हात अधांतरीच फिरवतात. एमिलीने मध्ये पडदा लावला, हीलरला त्याखालून दोन्ही हात पुढे करायला सांगितले, आणि नाणं उडवून ठरवलं की आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरायचा. ऊर्जा जाणवते ना, मग कोणता ते सांगा, एवढंच. २१ हीलर, २८० प्रयत्न, १२३ बरोबर. म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून ‘डावा, डावा’ म्हणत बसले असते तरी याहून बरे गुण पडले असते. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा बाई अकरा वर्षांच्या होत्या. आपल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच करायला लावा.

आणि घाई करून सेशन्स सोडू नका. दुखणं चढतं, उतरतं. माणूस हीलरकडे जातो तो अगदी चढलेलं असताना, म्हणजे पुढे बहुधा उतारच. गरोदरपणात आलेल्या मुंग्या बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप जातात. बाळ उचलून धरलेलं मनगट मूल चालायला लागलं की पुष्कळदा सुटतं. तोवर मासिक पॅकेज चालू असलं म्हणजे श्रेय कोणाला द्यायचं याचा गोंधळ होत नाही. बरं वाटलं नाही तर तुमची श्रद्धा कमी पडली. व्हॉट्सॲपवरून दूरचं हीलिंग घेत असाल तर फोटो डाव्या हाताचा की उजव्या, हे खाली लिहा. ऊर्जा चुकीच्या मनगटाला गेली तर पैसे परत मिळत नाहीत.

तिथे बरं वाटतंच नाही, असं मी म्हणणार नाही. अर्धा तास पंख्याखाली आडवं पडायचं, मंद बासरी, आणि समोरचं माणूस न घड्याळ बघता तुमचं ऐकतंय. हे नाशिकच्या कुठल्या ओपीडीत मिळतं ते दाखवा.

सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली राहत असतील, पेरं सुजत असतील, तर अजिबात वेळ दवडू नका, लगेच मोठं पॅकेज घ्या. हा आमवात असू शकतो. पहिल्या एक-दोन वर्षांतच तो सांधे कुरतडायला लागतो, आणि एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतात आणि वरचेवर रक्त काढतात. काकू रक्त काढत नाहीत.

नस चेपलेलीच राहिली तर यथावकाश अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होतो, शर्टाची बटणं लागेनाशी होतात, कप हातातून निसटतो. पण घाबरू नका, याच सुमारास रात्रीच्या कळा आणि मुंग्या कमी होऊ लागतात, कारण कळवायला नसेत फारसं काही उरलेलं नसतं. हीच अभिप्राय देण्याची योग्य वेळ. लिहिताना पेन सुटत असेल तर व्हिडिओ करा. मोबाइल घरच्या कोणाला तरी धरायला सांगा.