शंख-चक्रांवरून माझ्या भाचीचं गणित ठरवू नका

गेल्या रविवारी ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. बाळाच्या बोटांचे ठसे आणि मेंदू पोटात एकाच वेळी घडतात, म्हणून दहा बोटांच्या ठशांवरून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता, डाव्या-उजव्या मेंदूचं प्रमाण, शिकण्याची पद्धत आणि योग्य करिअर कळतं. डीएमआयटी ही ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारी चाचणी करून घ्या, ती पूर्ण वैज्ञानिक आहे, असा तो मेसेज. खाली ताईची ओळ: "आम्ही केली. सगळं तंतोतंत जुळतंय!"

फोन केला तेव्हा कळलं, आठवीतल्या भाचीचा गणिताचा क्लास बंद केलाय. रिपोर्टात तिची 'गणिती बुद्धिमत्ता' सगळ्यात खाली आलीय म्हणे. मी ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. यावर गप्प बसणं मला शक्य नाही.

मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच थरातून तयार होतात, आणि बोटांवरच्या रेषा जन्माआधीच पक्क्या होतात. डाउन सिंड्रोमसारख्या काही स्थितींत तळहातावरच्या रेषा वेगळ्या दिसण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही खरं. पण दातांवरचं एनॅमलसुद्धा त्याच थरातून येतं. सोबत घडल्या म्हणून एका गोष्टीवरून दुसरी वाचता येत नाही. एकसारख्या जुळ्यांकडे बघा. जनुकं सारखी, बुद्धिमापनाचे गुणही बहुतेक वेळा जवळजवळ, आणि बोटांचे ठसे मात्र वेगळे! शिवाय ठसे जन्मभर तेच राहतात. मेंदूतल्या जोडण्या शिकण्याने, सरावाने बदलत राहतात. आठवीतल्या मुलीचा मेंदू तर अजून पुरता वाढायचाय.

डावा मेंदू, उजवा मेंदू: मेंदूचे संशोधक रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्या भागांची, म्हणजे गोलार्धांची, कामं काही बाबतीत वेगळी असतात हे दाखवल्याबद्दल. त्यावरून 'डाव्या मेंदूची' आणि 'उजव्या मेंदूची' असे माणसांचेच दोन प्रकार कोणीतरी पाडले. २०१३ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले; एक अख्खी बाजू जोरात असलेली माणसं त्यांना सापडली नाहीत. 'बघून शिकणारा, ऐकून शिकणारा' याचंही तेच. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचं संशोधन चाळलं, आणि त्या विभागणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचं नाव रिपोर्टावर असतं, पण बुद्धिमत्ता एक नसून अनेक प्रकारच्या असतात या त्यांच्या १९८३ सालच्या मांडणीला बोटांच्या ठशांचा आधार नाही.

आता ताईचं "तंतोतंत जुळतंय". माझा खरा राग इथे आहे, कारण या एका वाक्यावर क्लास बंद झाला.

१९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला 'तुझा निकाल' म्हणून एक कागद दिला आणि विचारलं, किती जुळतं? पाचपैकी गुण द्या. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांचा एकच होता! वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली: तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, कधी तुम्ही मोकळे असता, कधी स्वतःत मिटलेले. मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात हे करते. मुलं आधी माना डोलावतात, आणि शेजारच्याचा कागद बघितल्यावर वर्ग एकदम शांत होतो.

ताईने मला रिपोर्टाचे फोटो पाठवले. "मूल संवेदनशील आहे, पण आत्मविश्वास वाढवायला हवा." "आवडीच्या विषयात लक्ष लागतं, कंटाळवाण्या विषयात भटकतं." आठवीतलं कुठलं मूल यात बसत नाही? जुळणारच. ही दहा वाक्यं पटली, म्हणून गणिताबद्दलचं अकरावंही पटलं. आणि ते अकरावं वाक्य भाचीने स्वतः वाचलंय. "मावशी, माझ्या बोटातच नाहीये गणित," असं ती मला फोनवर म्हणाली. तेरा वर्षांची मुलगी.

इंडियन सायकियाट्रिक सोसायटी ही देशातल्या मनोविकारतज्ज्ञांची संघटना. डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, असं तिने २०१९ मध्ये जाहीर सांगितलंय. ज्यांना माझ्यावर विश्वास नसेल त्यांनी तिच्यावर ठेवावा.

ताई, सहावीत कावीळ झाली तेव्हा तुझ्या लेकीची महिनाभर शाळा बुडाली होती, आठवतंय? अपूर्णांक तेव्हाच राहिले. मी तिला पाव आणि एक तृतीयांश यांची बेरीज घातली, तिथेच अडली. छेद सारखे करून दाखवले, तर पुढची चार गणितं तिने स्वतः सोडवली. रोज साडेसातला व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी बसतोय. तू उद्या क्लासच्या सरांना फोन कर, आणि तो रिपोर्ट तिच्या टेबलावरून उचल.